राउटर माझ्या घरात, ॲडमिन त्यांच्या हातात

घरचं वायफाय बंदिस्त करायला माझ्या हिशेबाने पाऊण तास पुरे होता. लागले अकरा दिवस. त्यातले दहा एकाच गोष्टीत गेले: इंटरनेटवाल्याने बसवलेल्या डब्याचं, म्हणजे राउटरचं, ॲडमिन लॉगिन (सगळ्या सेटिंग्ज उघडणारं).

कनेक्शन जोडणाऱ्या मुलाने वायफायचा पासवर्ड म्हणून माझाच मोबाइल नंबर टाकला होता. हे सर्रास चालतं, कारण नंबर सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण जरा हिशेब मांडा. डब्ल्यूपीए2 मध्ये, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत, फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि ती जिन्यात उभं राहूनही लॅपटॉपवर टिपता येते. पुढचं पासवर्ड ओळखण्याचं काम कुठेही बसून होतं, राउटरला पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात, म्हणजे फार तर 400 कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 10 लाखांहून जास्त तपासतं. तासाभरात खेळ खलास. आणि आपला नंबर तर सोसायटीच्या गेटवरच्या वहीतही असतो.

पासवर्ड बदलला दोन मिनिटांत. ब्राउझरमध्ये 192.168.1.1, डब्याच्या खालच्या स्टिकरवरचं लॉगिन, आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द. 63 अक्षरांपर्यंत मुभा असते, कंजुषी कशाला?

अडलं पुढे. स्टिकरवरचं लॉगिन असतं साधं ‘युजर’चं. त्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड, बास. डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याच्या सोयीची, खूण दिसते, पण करड्या रंगात. बोट ठेवलं तरी हलत नाही. मला नेमकं तेच बंद करायचं होतं. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो: पहिले चार बरोबर आहेत की नाही ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे 10,000 अधिक 1,000, एकूण 11,000 प्रयत्न. 2011 मध्येच हे उघड झालंय. काही राउटर चार-सहा चुकांनंतर कुलूप लावतात, काही लावत नाहीत. पिन सापडला की तो राउटर पासवर्ड स्वतःहून हातात देतो; मग तुमचे पाच शब्द काय कामाचे?

कस्टमर केअरला फोन केला. ‘सर, स्पीड बरोबर येतोय ना?’ येतोय. ‘मग तक्रार क्लोज करतो.’ दुसऱ्यांदा तक्रार, दुसऱ्यांदा ‘निराकरण झाले’ असा मेसेज. तिसऱ्यांदा मुलगा आला, स्पीड टेस्टचा फोटो काढला आणि गेला. ॲडमिन पासवर्ड मागितला की उत्तर ठरलेलं: ‘पॉलिसी नाही.’ त्यांची अडचण मला कळते. टीआर-069 नावाच्या पद्धतीने ते डबा दुरून सांभाळतात आणि ग्राहकाने काही बिघडवलं तर निस्तरायला त्यांचाच माणूस लागतो. पण ते दारही निर्धोक नाही. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, ते दुरून सांभाळण्याच्या याच पोर्टवर, 7547 वर, झालेल्या हल्ल्यामुळे.

वैतागून डब्याच्या मागचं रिसेटचं छिद्र टाचणीने दाबू नका. त्यात पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला जोडण्याच्या लॉगिनचं) युजरनेम, व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनची सेटिंग), सगळं पुसलं जातं. पीओएन (फायबर लाइनचा) दिवा हिरवा राहिला तरी नेट नसतं, आणि पुन्हा त्याच मुलाची वाट बघायची.

काम झालं ते मागणी बदलल्यावर. ‘सुरक्षा’, ‘पासवर्ड’ हे शब्दच काढून टाकले आणि ॲपमध्ये लिहून दिलं: ‘ओएनटी ब्रिज मोडवर टाका, त्याचं वायफाय बंद करा आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड द्या. माझा राउटर लावणार आहे.’ ओएनटी म्हणजे हाच फायबरचा डबा; ब्रिज मोडमध्ये तो नुसतं नेट पुढे देतो, राउटरचं काम आपला राउटर करतो. हे त्यांच्या रोजच्या कामातलं वाक्य आहे, पॉलिसी आड येत नाही. डॉकेट (तक्रारीचा) नंबर मात्र दर वेळी लिहून ठेवा. नाही ऐकलं तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना तोच लागतो. घरचा लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर ‘व्हॉइस तसाच ठेवा’ हे आधी सांगा.

नवा राउटर लावल्यावर नेट आलं नाही, तर बहुधा जुन्या डब्याचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) त्यांच्याकडे बांधलेला असतो. फोन करून तो सोडवून घ्या. ब्रिज मोड द्यायलाच नकार दिला, तर डब्याच्या लॅन पोर्टमधून केबल आपल्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये घाला आणि आपल्या राउटरला 192.168.50.1 असा वेगळा पत्ता द्या, नाहीतर दोघांची टक्कर होते. यात डब्याचं वायफाय चालूच राहिलं तर मेहनत फुकट.

बाकी सोपं: नव्या डब्ल्यूपीए3 आणि डब्ल्यूपीए2 चा मिश्र मोड, डब्ल्यूपीएस बंद, दुरून ॲडमिन बंद. टीव्ही, कॅमेरा आणि पाहुणे गेस्ट नेटवर्कवर. जुना प्रिंटर मिश्र मोडमध्ये रुसला, तर त्याच्यासाठी 2.4 गिगाहर्ट्झवर फक्त डब्ल्यूपीए2 ठेवा. वायफायचं नाव लपवण्यात वेळ घालवू नका. लपवलं तर उलट ते नाव आपला फोनच जाईल तिथे पुकारत फिरतो. ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेणारा मॅक फिल्टरही तसाच कुचकामी, कारण मॅक पत्ते हवेत उघडेच असतात.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?’ असं घरातून विचारलं जातंच. 2008 मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस आधी त्या घरी पोचले.

एक राहिलंच: वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर लिहू नका. नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि इंग्रजीत ‘नोमॅप’ जोडलं, तर गूगल वायफायवरून ठिकाण ओळखण्याच्या आपल्या यादीतून ते वगळतं. मात्र नाव बदललं की घरातलं प्रत्येक यंत्र नव्याने जोडावं लागतं, तेव्हा हे पासवर्डच्याच दिवशी उरका.