सुवर्णदुर्ग अखेर शार्प, आणि वाळूतल्या ट्रायपॉडचा निकाल

मंडळी, जमलं. एनडी १००० (प्रकाश हजारपट कमी करणारा काळा फिल्टर) लावलेला, ३० सेकंदांचं एक्स्पोजर म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं, ट्रायपॉडच्या पायांवरून लाटा ये-जा करतायत, आणि १०० टक्के झूम केलं तरी हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गाच्या तटाची कड जागच्या जागी. मागच्या वेळी हर्णैच्या वाळूचं रडगाणं लिहिलं होतं तेव्हा ज्यांनी ‘आधी लेन्स बदल’ असा निकाल दिला त्यांना सप्रेम नमस्कार. लेन्स तीच आहे, किटमधली १८-५५. बॉडीही तीच, निकॉन डी५६००. पैसे गेले ते प्लंबिंगच्या दुकानात, आणि तेही किरकोळ.

दुखणं काय होतं ते नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. संध्याकाळी पाणी दुधासारखं यावं म्हणून लाँग एक्स्पोजर लावायचं. पाणी छान यायचं, किल्ला मात्र दुहेरी. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या तोफा झेललेला किल्ला माझ्या फोटोत नुसत्या परतीच्या लाटेने हलत होता! व्हीआर (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय) मेन्यूत जाऊन बंद केलं (या लेन्सला बटण नाही, मेन्यूच शोधावा लागतो), केबल रिलीज लावली, कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात ठेवला, व्ह्यूफाइंडरवर काळी टेप मारली. टेपचा शार्पनेसशी संबंध नाही, पण एनडी लावल्यावर मागून प्रकाश शिरून फोटोत धुरकट पट्टा येतो तो तरी गेला. किल्ला हलतोच आहे.

मग तोच सेटअप खडपात नेला, कालवं चुकवत, एक पाय खाली आणि दोन वर असा कसाबसा उभा केला. चकाचक. म्हणजे लेन्स, फिल्टर, वारा सगळे निर्दोष, गुन्हेगार वाळू.

हे तसं सगळ्यांना ठाऊकच असतं. लाट परत जाताना आपल्या टाचांखालची वाळू सरकते, आपण रुततो. माझा प्रश्न होता की किती, आणि नेमकं कधी. म्हणून एक चाचणी केली, जी मला या सगळ्या भानगडीत सर्वांत जास्त आवडली. ३० सेकंदांचा एक फोटो काढण्याऐवजी, हलका फिल्टर लावून एकेका सेकंदाच्या फ्रेम्स सलग काढल्या आणि घरी येऊन लॅपटॉपवर बाणाचं बटण दाबत भराभर पुढे सरकवल्या. तटाची एक कड धरून बघत बसायचं. कड स्थिर, स्थिर, स्थिर, लाट आली, आदळली, तरी स्थिर. लाट मागे फिरली आणि टुण्णकन उडी. पुन्हा स्थिर. पुढची लाट परतली की पुन्हा उडी. मी इतके दिवस लाटेच्या धक्क्याला दोष देत होतो. धक्का काहीच करत नाही. जातं पाणी पायाभोवतीची वाळू कोरून नेतं आणि पाय खाली बसतो.

आता किती ते बघू. ट्रायपॉडचे पाय फाकवल्यावर एक पाय आणि समोरच्या दोन पायांची रेघ यांत साधारण मीटरभर अंतर धरा. एक पाय फक्त १ मिलिमीटर खचला तर कॅमेरा एक हजारांश रेडियन (अंशाच्या सहा शतांशाहून थोडं कमी) कलतो. ५० मिमी फोकल लेंग्थला सेन्सरवर चित्र ०.०५ मिमी सरकतं. डी५६०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद आणि त्यात ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनच्या आसपास. हिशोब केला तर जवळपास १३ पिक्सेलची फरफट. मिलिमीटरभर खचण्याची! १८ मिमीला तेच खचणं साडेचार-पाच पिक्सेलवर भागतं, म्हणून वाइड फोटो मोबाइलवर बरे दिसतात आणि आपण खूश होतो. २०० मिमीला ५० च्या वर जातं. ज्यांना टेली म्हणजे लांबच्या लेन्सने वाळूतून लाँग एक्स्पोजर घ्यायचंय त्यांनी आत्ताच नाद सोडावा.

उपाय बरेच करून पाहिले. ट्रायपॉडला मधोमध बॅग लटकवा, वजनाने स्थिर होतो, असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. डांबरी रस्त्यावर होत असेल. भिजल्या वाळूत वजन वाढवलं की पाय आणखी झपाट्याने खाली, वर वाऱ्याने बॅग झुलते ते वेगळंच. मग पायांखाली नारळाच्या करवंट्या पालथ्या घातल्या. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत हे झकास चालतं, पाय अजिबात आत जात नाही, जरूर करा. पण पाणी आलं की करवंटीच्या कडेने वाळू धुतली जाते आणि करवंटी डगडगते. उडी होती तिथे आता डोलणं आलं. पाय दाबून दाबून वीतभर आत खुपसणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय. निम्मा फरक त्यानेच पडला.

आणखी एक गोष्ट त्या फ्रेम्समधून कळली. काही उड्या लाट नसतानाही दिसत होत्या. त्या माझ्या. वाळू पाण्याने तुडुंब असताना ट्रायपॉडजवळ पाय हलवला की आजूबाजूची वाळू क्षणभर पातळ होते आणि पकड सोडते. आता शटर दाबलं की मी जिथे आहे तिथेच उभा, बगळ्यासारखा.

पाइपची कल्पना सुचली ती घराच्या मागच्या बाजूला, नळाचं काम करून प्लंबर तुकडे टाकून गेला होता त्यांच्याकडे बघताना. वाळू वाहून जाते ती पायाच्या बाजूने. बाजूच बंद केली तर? तीन इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटाचे तीन तुकडे कापून आणले, खालचं टोक करवतीने तिरकं केलं. वाळूत फिरवत फिरवत दाबायचे, वर चारेक बोटं उरली पाहिजेत. आतली वाळू काठीने ठासायची आणि ट्रायपॉडचा एकेक पाय एकेका पाइपात, त्या ठासलेल्या वाळूवर टेकवायचा. बाहेरून लाट काय कोरायचं ते कोरू दे, आतली वाळू कोंडलेली आहे. ती जाणार कुठे?

हा उद्योग चालू असताना जाळं खांद्यावर घेतलेले एक मामा थांबून बघत होते. ट्रायपॉड बघून ‘रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा सर्व्हे काय?’ हा लोकांचा नेहमीचा प्रश्न. यांनी पाइप बघितले, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “भाऊ, हितं बोअर मारून गोडं पाणी लागायचं नाय.” मी म्हटलं, मामा, फोटोसाठी आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण जाता जाता दोनदा वळून बघितलं.

निकाल असा. पहिल्या तीन-चार लाटांत पाइप स्वतः थोडे बसतात, तेवढं थांबायचं. त्यानंतर एकेका सेकंदाच्या फ्रेम्समध्ये अर्ध्या मिनिटाला दोन पिक्सेलच्या वर सरक दिसली नाही, तीही ५० मिमीला. कोणाला पटत नसेल तर फ्रेम्स देतो, स्वतः मोजा. एक त्रास आहे. पाइप काढताना वाळू आतून अशी धरून ठेवते की कंबर धरते. वरच्या उरलेल्या भागात आरपार भोकं पाडून दोरी ओवून घ्या, फिरवून ओढता येतं. आणि काढल्याशिवाय किनारा सोडू नका, भरतीत त्यावर कोणाची तरी होडी घासेल.

आता तिथीचं. सूर्यास्ताला ओहोटी हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्या गाठा असं मीच इथे ठणकावून सांगत आलोय. आपल्याकडे पाठ असलेला हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा १५, पाऊणपट सव्वा अकरा. सव्वा अकराला भरती म्हणजे सहा तास आणि थोडी मिनिटं पुढे, साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. हिवाळ्यात सूर्य सहानंतर मावळतो, खरा रंग त्याच्याही नंतर. म्हणजे ऐन वेळी पाणी फिरलेलं असतं आणि आपल्या अंगावर येत असतं. भरतीचं पाणी म्हणजे दर लाट आधीच्यापेक्षा वर, आणि पाइपही हळूहळू बुडतात. त्याऐवजी द्वितीया घ्या. पाऊणपट दीड, ओहोटी पावणेआठला. सूर्यास्ताला पाणी अजून मागेच चाललेलं. दर लाट थोडी खाली थांबते, ओली चकाकती वाळू मागे सोडते, आणि ट्रायपॉडचे पाय तासाभरात आपोआप पाण्याबाहेर येतात. हिशोब मुंबईकडचा आहे, हर्णैला थोडा पुढेमागे होतो, तेव्हा भरतीचा तक्ताही बघा. अष्टमीला मात्र घरीच बसा, भरती थेट सहाला.

आणि हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की त्या चाचणीच्या एकेका सेकंदाच्या फ्रेम्स माझ्याकडे पडूनच आहेत. त्याच एकमेकींवर जुळवून सरासरी काढली तर? एनडी १००० म्हणजे १० स्टॉप, एनडी ६४ म्हणजे ६ (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). जिथे पहिल्याने ३० सेकंद लागतात तिथे दुसऱ्याने दोनेक सेकंद. अशा १५-१६ फ्रेम्स घेतल्या की पाणी तितकंच दुधाळ, नॉइज (फोटोतले रंगीत ठिपके) जवळपास पावपट, आणि ट्रायपॉडने मधल्या मधे उडी मारली तरी किल्ल्यावर किल्ला जुळवून टाकता येतो. कॅमेरा कलल्यामुळे जवळचे दगड आणि लांबचा किल्ला सारखेच सरकतात, तेव्हा दोन्ही एकदम जुळायला हवेत. लिखाण अर्धवट सोडून करून बघितलं. हगिनमध्ये जुळवणी, इमेजमॅजिकमध्ये सरासरी, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. जमतंय! फक्त हगिन आपणहून जुळवणीचे बिंदू लाटांवर टाकतं, कारण सगळ्यात जास्त नक्षी तिथेच असते. ते पुसून तटावर हाताने बिंदू टाकावे लागतात, आणि हे काम डोळे फोडणारं आहे.

मग पाइप फुकट गेले का? नाही. अंधार पडायला लागला की मासेमारीच्या होड्या लिलावासाठी बंदराकडे दिवे लावून येतात. एका लांब एक्स्पोजरमध्ये त्या दिव्यांची सलग रेघ येते. फ्रेम्स जोडल्या तर मधल्या फटींमुळे रेघेचे तुकडे. तेव्हा बेत बदललाय. सूर्य मावळेपर्यंत एनडी ६४ आणि फ्रेम्सची चळत, दिवे दिसू लागले की फिल्टर उतरवून पाइपांवर एकच लांब एक्स्पोजर. चळत घेताना लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा दर फोटोनंतर तितकाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि फटी फोटोइतक्याच लांब होतात.

सामानाबद्दल थोडं. ऑनलाइन घेतलेला व्हेरिएबल एनडी (फिरवून काळेपणा कमी-जास्त करायचा फिल्टर) १८ मिमीला जरा जास्त फिरवला की आकाशात काळी फुली मारतो. विकणाऱ्याने ‘वापरलेला माल परत नाही’ म्हणून हात वर केले. हल्ली तो ड्रॉवरमध्ये. मुंबईच्या बोरा बाजारात काचेतून बघून, हाताळून घेतलेला साधा एनडी १००० तपकिरी छटा देतो, पण फिल्टर लावूनच कस्टम व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला दाखवणं) घेतला आणि रॉ म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढलं की ती बरीचशी जाते. किनाऱ्यावर ट्विस्ट लॉकचा (पाय पिळून घट्ट करायचा) ट्रायपॉड नेणं म्हणजे स्वतःचा छळ, एक कण आत गेला की कर्रकर्र. क्लिपवाला घ्या, आणि घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धरा. खारं पाणी आत राहिलं तर स्क्रू गंजतात आणि मग कोणतंही लॉक चालत नाही.

पुढे अंजर्ल्याच्या बाजूने प्रयत्न करायचाय. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून २५ अंश दक्षिणेकडे मावळतो, तेव्हा तिकडून किल्ला आणि लाली एका फ्रेममध्ये यायला हवी. पाइप आता दोन फुटांचे कापतोय, तिकडची वाळू मऊ आहे. हगिनमध्ये लाटांचा भाग एकदाच झाकून सगळ्या फ्रेम्सना लागू करायची रीत कोणाला येत असेल तर सविस्तर लिहा, हाताने बिंदू टाकून माझा कार्तिक निघून गेला.