तसबिरीतला तो गोरा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑफिसात येणारा दर दुसरा पक्षकार बाबासाहेबांच्या शेजारच्या तसबिरीकडे बोट दाखवतो, "वकीलसाहेब, हे लिंकन का?" नाही. लिंकनला दाढी होती. हा थॅडियस स्टीव्हन्स. पेनसिल्व्हेनियातला वकील, जन्म 1792, एक पाय जन्मतःच वाकडा. आणि ते केस त्याचे नाहीत, विग आहे.

अमेरिकेच्या संसदेत गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या आणि कायद्यापुढे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी हा हट्टाने भांडला. पक्षकारांना मी एवढंच सांगतो. तसबीर मात्र मी लावली ती त्याने जिंकलेल्या एका वाईट केसमुळे.

साल 1821. पेनसिल्व्हेनियात कायदा असा, की परराज्यातल्या मालकाने गुलामाला तिथे आणून सहा महिने ठेवलं, तर तो मुक्त. मेरीलँडच्या चॅरिटी बटलरचं म्हणणं, माझे इथले सगळे मुक्काम जोडा, सहा महिने भरतात. स्टीव्हन्स उभा राहिला मालकाकडून. सहा महिने सलग हवेत, तुकडे जोडून चालणार नाही, हा त्याचा मुद्दा. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो मानला. चॅरिटी आणि तिची लेकरं गुलामच राहिली.

'सलग' हा शब्द मला चांगला ओळखीचा. ज्युनियर असताना लेबर कोर्टात आम्ही एका कंपनीकडून होतो. कामावरून काढलेल्या माणसाचे वर्षात 240 दिवस भरले, तरच त्याची नोकरी सलग धरायची. हजेरीपट मीच मोजला, पेन्सिलीने खुणा करत, रविवार आणि पगारी सुट्ट्या धरून. भरले 231. जिंकलो. तो माणूस बाहेर बाकावर मांडीवर डबा घेऊन बसला होता. उघडला नव्हता.

स्टीव्हन्स पुढे पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रं घेऊ लागला. 1838 साली राज्याच्या नव्या घटनेने मताचा हक्क फक्त गोऱ्यांना ठेवला, तेव्हा ती घटना करणाऱ्या परिषदेत असूनही त्याने सही केली नाही. यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर जमीन द्यावी, असा प्रस्ताव त्याने आणला. तो काही मंजूर झाला नाही. (जमिनीचं नाव काढलं की सगळीकडे असंच.)

1868 मध्ये तो गेला. लँकेस्टरमधल्या ज्या दफनभूमीत काळ्यांना मज्जाव नव्हता, ती त्याने मुद्दाम निवडली होती, आणि कारण दगडावर कोरून ठेवलं. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांत मी माझ्यापुरतं याचं नाव धरतो.

240 दिवसांची कामं मी आता फक्त कामगाराकडून घेतो. गेल्या महिन्यात एक हरलो. 236 भरले होते.