शेडमधला लेथ आणि बेडवरची झीज

इंग्लंडमध्ये मी शेडमध्ये एक जुना लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवत टूलनं कापायचं यंत्र) घेतला. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दादाचा लगेच फोन आला. "तिकडे जाऊन टर्नर होणार का तू?" टर्नर म्हणजे लेथवरचा कामगार. रागानं नाही विचारलं, पण विचारलंच. आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या बाबांनी मात्र फक्त सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून (ज्यावर सगळं सरकतं तो बिडाचा लांब पाया) जॉबच्या मध्यापर्यंतची उंची, किती ते विचारलं. दादाला पडलेला प्रश्न आणखी बऱ्याच जणांना पडला असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मेकॅनिकलचा, पण कॉलेज सुटल्यापासून लोखंड पाहिलं ते स्क्रीनवर. आपल्याकडे घरात लेथ नसल्यानं कुणाचं काही अडत नाही. बुश झिजला, शाफ्टचे आटे गेले, की जवळच्या वर्कशॉपमध्ये जायचं. मिस्त्री जॉब हातात घेऊन बघतो आणि तासाभरात काम होतं. इथे इंग्लंडमध्ये एका बुशसाठी मेल करा, ड्रॉइंग द्या, कोटेशनची वाट बघा. पण घरी लेथ ठेवण्यामागे गरज हे अर्धंच कारण आहे. 'मॉडेल इंजिनीअर' हे मासिक इथे १८९८ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये या छंदाची संस्थाही उभी राहिली. निवृत्त कारकून, शिक्षक, पोस्टमन मागच्या अंगणातल्या शेडमध्ये पाच इंच गेजचं (रुळांमधलं अंतर पाच इंच) वाफेचं इंजिन करतात. खरा तांब्याचा बॉयलर, खरा कोळसा, आणि त्यावर बसून नातवंडांना फिरवतात. या माणसांना कुणी 'टर्नर होणार का' असं विचारत नाही. त्याचा मला हेवा वाटतो, हे सरळ लिहितो.

लेथ घेतला तो मायफोर्ड एमएल-७. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला मायफोर्डचा कारखाना होता. एमएल-७ आला दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली. साडेतीन इंच सेंटर हाइट, बेडला गॅप (खाच) असल्यामुळे तिथे दहा इंच व्यासाची प्लेट फिरते. बीस्टनचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला, तरी सुटे भाग अजून मिळतात. शांघायच्या सीग कंपनीचे नवे छोटे लेथही पाहिले होते. वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळ्या रंगांत तीच मशीन, मिलिमीटरच्या डायल, नॉबनं वेग कमीजास्त. ज्याला जागा कमी आणि हलकी कामं त्यानं ते जरूर घ्यावं. पण स्टीलचा एक इंची बार पार्टिंग टूलनं तोडायला घेतला की हलकी मशीन थरथरायला लागते, टूल जॉबमध्ये घुसतं. बिडाचं वजन नसेल तिथे वेगाचा नॉब काही कामाचा नाही. जुनं घ्यायचं हे तिथेच ठरलं.

विकणारे आजोबा आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले. मी मोटर चालू करून बघू का म्हणालो, तर म्हणाले, मोटर नंतर, आधी सॅडल हातानं फिरव. त्यांनी सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ (जॉब धरणाऱ्या पंजाजवळ) आणलं, गिबचे (सैलपणा काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळून खेळ काढला आणि हँडल माझ्या हाती दिलं. चकाजवळ छान चाललं. टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडे, नेत गेलो तसं जड होत गेलं आणि शेवटच्या वीतभर अंतरात अडलंच. "ही झीज," ते म्हणाले, "आणि ही कमी करून सांगणाऱ्याकडून लेथ घेऊ नकोस." लेथवरचं बहुतेक काम चकापासून चार-सहा इंचात होतं. तिथेच कीस पडतो, बिडाची बारीक धूळ बसते आणि बेड खाते. टेलस्टॉककडचा भाग मात्र जवळजवळ कोरा राहतो. तपासायला ना डायल गेज लागला ना पट्टी, नुसत्या मनगटाला कळलं.

पुढे त्यांनीच उपायही सांगितला. जुन्या एमएल-७ वर सॅडल पुढच्या शिअरच्या (बेडच्या रुळाच्या) दोन बाजूंना धरून सरकतं, त्यामुळे मागच्या शिअरची बाहेरची कड कधी वापरातच आलेली नसते. सॅडलला मागून एक पट्टी बसवली की ती कोरी कड गाइड होते आणि बरीचशी झीज बाजूला राहते. मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. चकात लांब बार धरून वर उचलायचा आणि डायलचा काटा किती हलतो ते बघायचं. एमएल-७ ला व्हाइट मेटलचे बेअरिंग आहेत, त्याखालच्या शिमचा (पातळ पत्र्यांच्या पट्टीचा) एखादा पातळ थर काढून खेळ कमी करता येतो. आणि शेवटी बुल गिअरचा (स्पिंडलवरच्या मोठ्या दातेरी चाकाचा) दात न् दात बघायचा. चक घट्ट बसला की लोक बॅकगिअर (वेग कमी करणारी दातेरी चाकं) अडकवून तो सोडवायला जातात आणि दात तुटतो. याचे सगळे दात शाबूत होते.

गिऱ्हाइकाला दोष आधी दाखवायचा, ही गोष्ट डोक्यातून गेली नाही. आपल्याकडे जुन्या मशीनवर विकण्याआधी पहिला हात फिरतो तो हिरव्या रंगाचा. पण हेही लिहायलाच हवं की आजोबांची पेन्शन चालू आहे. आपला मशीनवाला त्याच मशीनवर घर चालवतो, मुलांच्या फिया भरतो. दोघांना एका मापानं मोजणं मला जमत नाही. आणि कौशल्याचं म्हणाल, तर आपला मिस्त्री ग्राइंडरवर नुसत्या नजरेनं हायस्पीड स्टीलचं टूल असं लावतो की जॉबवर आरसा येतो. इथल्या शेडमध्ये पुष्कळांना तयार कार्बाइड टिपांशिवाय चालत नाही.

आता जे मला रोज खुपतं त्याबद्दल. इंच! टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या स्क्रूला इंचाला दहा आटे, म्हणजे एका फेऱ्यात शंभर थाऊ (हजारांश इंच). आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लीडस्क्रूला इंचाला आठ आटे. मला पाडायचे असतात मिलिमीटरचे आटे. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, त्यामुळे अचूक गुणोत्तरासाठी १२७ दातांचा चेंज गिअर लागतो, आणि १२७ ही मूळ संख्या, तिला छोट्या गिअरांत फोडता येत नाही. तो गिअर बसवला तरी हाफ नट (सॅडल लीडस्क्रूला जोडणारा) उघडायची सोय नाही. एकदा उघडला की पुढचा कट जुन्या आट्यात पडत नाही. दर कटनंतर टूल मागे घ्यायचं, मोटर उलटी फिरवून सॅडल परत आणायचं. मायफोर्डचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो, म्हणून उलट फिरवताना तो सुटणार तर नाही ना याचीही धास्ती. हे झालं मशीनचं. आट्यांचं वेगळंच. व्हिटवर्थ हा जुना ब्रिटिश आटा ५५ अंशांचा, १८४१ पासूनचा. मेट्रिक ६० अंशांचा. बीए (छोट्या स्क्रूंचा ब्रिटिश आटा) ४७.५ अंशांचा, आणि गंमत म्हणजे त्याची मापं मुळात मिलिमीटरवरच बेतलेली: शून्य नंबरचा बीए म्हणजे ६ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच. शिवाय बीएसएफ (बारीक ब्रिटिश आटा), शिवाय मॉडेलवाल्यांचे आणखी वेगळे. प्रत्येकाचे टॅप, प्रत्येकाचे डाय, प्रत्येकाचा टूल गेज. भारतानं मेट्रिकचा कायदा १९५६ साली केला. यांनी या दिशेनं पाऊल उचललं ते १९६५ मध्ये, आणि रस्त्यावर मैल आजही आहेतच. या बाबतीत आपण पुढे होतो हे मी इथे ठासून सांगतो. बाबा म्हणाले, "आपल्याकडे पाइप अजून सुतातच मागतात की." मागतात. तरी आपल्या लेथवर एमएमचे आटे पाडताना कुणाचा घाम निघत नाही.

लेथची परंपराही आपल्याला कुणी शिकवायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, पुढे १९४१ पासून हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचे लेथ. हे इथल्या क्लबात सांगितलं तेव्हा लोकांनी खुर्च्या जवळ ओढून ऐकलं.

मिलिंग मशीन (ज्यात टूल फिरतं आणि जॉब टेबलावर असतो) मात्र नवीनच घेतलं. ब्रिजपोर्ट या वर्कशॉपमधल्या मोठ्या मिलिंग मशीनचं स्वप्न सगळ्यांना पडतं, पण टनाच्या आसपास वजन शेडच्या लाकडी जमिनीवर कोण ठेवणार? जुन्या छोट्या मशिन्समध्ये चांगल्या अवस्थेतली विरळा. स्वस्तातलं मिल-ड्रिल मिळतं, पण त्याचा कॉलम गोल असतो. ड्रिल काढून लांब रीमर लावायला हेड वर घेतलं की ते थोडं फिरतं आणि भोकाचं सेंटर हरवतं. म्हणून कॉलम डव्हटेलचाच (तिरक्या कडांच्या खाचेवर हेड सरकणारा) हवा, यावर मी ठाम आहे. सुरुवातीला लेथवर व्हर्टिकल स्लाइड बसवून छोटे कीवे (शाफ्टमधल्या चावीच्या खाचा) काढले, पण टूल चकात आणि जॉब स्लाइडवर अशा उलट्या संसारात कडकपणा राहत नाही. मिलिंगला डिजिटल रीडआउट बसवला, त्यामुळे तिथे स्क्रूचा बॅकलॅश (सैलपणा) आणि इंच-मिलिमीटर दोन्हींचा त्रास संपला. हेड टेबलाला काटकोनात आहे का, हे स्पिंडलला डायल लावून गोल फिरवून बघायचं, हे काम कंटाळा न करता आधी.

गंजाचं एकच सांगतो. थंड रात्रीनंतर दमट हवा शेडमध्ये शिरली की गार बिडावर पाणी सुटतं. रॉकेलचा हीटर लावू नये, तो जळताना स्वतःच वाफ सोडतो. भिंतींना इन्सुलेशन, बेडवर तेल, वर सुती कापड, प्लॅस्टिक नको.

दादा, तुझा मित्र जुना एचएमटी लेथ बघतोय म्हणालास, त्याला सॅडलची ती चाचणी सांग. आणि थ्री-फेज मोटर म्हणून मागे हटू नको म्हणावं. आधी मोटरची पाटी वाचायची. स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वायर जोडण्याच्या दोन पद्धती. छोटी मोटर ४१५ व्होल्ट स्टारमध्ये जोडलेली असेल, तर तीच डेल्टात जोडून सिंगल फेज २३० व्होल्टवरच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री-फेज देणाऱ्या आणि वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालते. ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर या साध्या व्हीएफडीवर नाही. जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच. आणि पाटीचा फोटो मला पाठव, मी बघून सांगतो.