आमची वाटचाल: हिरड्याच्या रानातून

माणसं रानात फिरवून पोट भरता येतं, हे २००९ साली आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. थोरले बंधू म्हणाले, "लोक सिंहगडावर फुकट जातात, तुला कशाला पैसे देतील?" ट्रेकवाले तर उघड हसायचे, कारण आमची माणसं दिवसभरात जेमतेम दोन किलोमीटर चालायची. पण त्या दोन किलोमीटरला आमच्याबरोबर मामा असायचे, आणि मामा ट्रेकवाल्यांकडे नव्हते.

मामा म्हणजे आमचे वाटाडे, महादेव कोळी जमातीचे, गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्याही पलीकडे. शाळा चौथीपर्यंत. कमरेला मागे आकड्यात कोयता, खांद्यावर घोंगडी. आमची हत्यारं म्हणजे दहापटीचं भिंग आणि ८ बाय ४२ ची दुर्बीण. पहिल्या दिवशी मी भिंग पुढे केलं, तर मामांनी हिरड्याचं पान उपटून देठाच्या टोकावर नख टेकवलं. "हितं बघा." भिंगाखाली तिथे दोन बारीक गाठी दिसल्या. मामांना त्या भिंगाशिवाय ठाऊक होत्या. त्या दिवशीच मी ठरवलं की बोलायचं मामांनी, आपण गाडी, नाश्ता आणि पावती सांभाळायची.

हिरड्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आमच्या फेऱ्या बंद असतात. आठळी धरायच्या आत उतरवून वाळवला की तो बाळहिरडा, आणि त्या खोऱ्यात वर्षाचा रोख पैसा येतो तो त्यातूनच. तेव्हा मामांना "एक रविवार या ना" म्हणणं म्हणजे त्यांच्या ताटातलं काढून घेणं. पहिल्या सरी पडल्या की शेवळं वर येतात. आतला खाजरा पिवळा भाग काढून, काकड नावाच्या झाडाची फळं घालून मामी ती शिजवतात. काकडाशिवाय शेवळं खाल्ली तर घसा खाजून रडकुंडीला याल. मंडईतून हौसेने जुडी आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, भाजीवाली दरवेळी सांगतेच असं नाही.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता ज्यांच्याबद्दल लिहू नको असं घरचे म्हणतात, त्यांच्याबद्दल. हे गृहस्थ आमच्याबरोबर ओळीने दोन पावसाळे आले, वही घेऊन. मला वाटलं, काय जिज्ञासू माणूस आहे! २०१८ मध्ये त्यांची स्वतःची कंपनी निघाली. आमच्या निम्मी फी, पन्नास आसनी बस, आणि जाहिरातीत फोटो कुणाचा, तर मामांचा. विचारलं नाही, दमडी दिली नाही. मामांनी "हे तुमच्यापुरतं" म्हणून सांगितलेली औषधं पुस्तिका छापून विकली. देशात २००२ सालचा जैवविविधता कायदा आहे, गावागावांत लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेल्या माहितीची नोंद, करायच्या असतात, पण बसमध्ये वही उघडणाऱ्याला कोण अडवणार?

मेअखेरीस या गृहस्थांनी काजव्यांच्या रात्री सुरू केल्या. काजव्यांचे नर एका तालात चमकतात ते मादीसाठी. तिथे यांचे टॉर्च आणि मोबाइल. आणि नरक्या! फुलांना घाण वास येणारं हे झाड. त्यातून कर्करोगावरच्या औषधाचं द्रव्य निघतं, म्हणून त्याची चोरटी तोड होते. आम्ही नरक्या दाखवतो, पण आधी सगळ्यांचे फोन पिशवीत टाकायला लावतो. यांनी जागेसकट व्हिडिओ टाकला. पुढच्या हिवाळ्यात तिथे बुंधे उरले होते. कुणी नेली ते मी म्हणत नाही.

आमचं बुकिंग निम्म्यावर आलं. टेम्पो ट्रॅव्हलरचे हप्ते थकले, शेवटी गाडी विकली. त्यात २०२० उजाडलं. आधी टाळेबंदी, मग ३ जूनला निसर्ग वादळ. मामांची हिरड्याची झाडं आडवी झाली. हिरडा लावल्यावर लगेच फळ देत नाही, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मी फोन केला, तर तेच मला धीर देत होते. तेव्हा कळलं, त्या गृहस्थांनी मामांना आमच्या दुप्पट रोज देऊ केला होता. का गेला नाहीत विचारलं, तर म्हणाले, "पन्नास मान्सं म्हंजी जत्रा. जत्रंत झाड कोन बघतंय?"

२०२१ च्या पावसाळ्यापासून मामा रोजावर नाहीत, निम्म्याचे भागीदार आहेत. गाडी भाड्याची, माणसं पंधरा, सोळाव्याला नाही म्हणायचं. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो: वाटाड्याचे पैसे गाडी सुटायच्या आधी हातावर ठेवा, "पुण्यात पोचल्यावर पाठवतो" म्हणू नका. पांढरे बूट घालून येणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करा. स्पीकर दिसला तर मंचरलाच उतरवून गाडीच्या डिकीत टाका.

हल्ली मामांची पुतणी अर्धी फेरी घेते. तिला झाडं मामांइतकी येतात आणि शहरातल्या माणसांना गप्प कसं बसवायचं ते जास्त येतं. मागच्या महिन्यात त्याच गृहस्थांचा फोन आला होता, "मिळून काहीतरी करू" म्हणून. मी पुतणीचा नंबर दिला. तिने त्यांच्याकडे आधी फोटोचे पैसे मागितले, २०१८ पासूनचे. अजून उत्तर आलेलं नाही.