प्रागचा ट्रडेलनिक: दोनशे नव्वद कोरुनांची थाप

आधी निकाल सांगते. प्रागच्या जुन्या शहरात 'प्राचीन बोहेमियन परंपरा' असा बोर्ड लावून ट्रडेलनिक नावाचं पिठाचं नळकांडं विकतात, आत आइस्क्रीम भरून. ते घेऊ नका. मी घेतलं, आणि चार दिवस त्याच रागात फिरले.

सप्टेंबरात बारा दिवस व्हिएन्ना, प्राग, स्कालित्सा, बुडापेस्ट असा फेरा केला. हेतू एकच, गोड खाणं. राजवाडे आणि चर्च वाटेत लागले तेवढेच पाहिले. दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालता येत असेल आणि पाठीवर सॅक घेता येत असेल, तर पुढचं वाचा. चाकाची बॅग प्रागच्या दगडी गल्ल्यांतून ओढणाऱ्यांची मला फक्त दया आली.

व्हिएन्नाचे चार दिवस मजेत गेले, त्यामुळे त्यांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. तिथे सगळे झाखरटोर्टे हा चॉकलेट केक खातात. नाव ऐकून मराठी माणसाला साखर आठवते, पण ते आडनाव आहे. १८३२ साली ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निख याच्या स्वयंपाकघरात फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ आचाऱ्याने तो केला, अशी गोष्ट सांगतात. 'मूळ' हा शब्द कोणी वापरायचा आणि जर्दाळूचा जॅम एका थरात की दोन, यावरून शहरातल्या दोन नामांकित ठिकाणांत वर्षानुवर्षं कोर्टकज्जा चालला, तो १९६३ मध्ये मिटला. गोष्ट केकपेक्षा चविष्ट आहे. केक कोरडा असतो. सोबत येणारं बिनसाखरेचं घट्ट फेटलेलं क्रीम, श्लागओबर्स, प्रत्येक घासाला लावूनच खायचं, नाहीतर घशात अडकतो. दोघांत एक तुकडा पुरे. वाचलेल्या पैशांत टोपफेनश्ट्रुडेल घ्या. पातळ पापुद्र्यात चक्क्यासारखं आंबटगोड सारण आणि वर गरम व्हॅनिला सॉस. हवेल्का कॅफेत रात्री आठनंतर बुख्टेल्न, म्हणजे आलुच्याचा (आलुबुखारचा) मुरंबा भरलेले गरम गोड पाव मिळतात, तिथे जा. झालं व्हिएन्ना.

आता प्राग.

खगोल घड्याळापासून चार्ल्स पुलाकडे जाणारी कार्लोवा गल्ली म्हणजे जेमतेम पाचशे मीटर. या पट्ट्यात मी ट्रडेलनिकची अकरा दुकानं मोजली, मग मोजणं सोडलं. सगळीकडे दालचिनीचा वास. मला वाटलं, ज्या गावात एवढी दुकानं तिथली ही पुरणपोळीच असणार. बाहेरच्या फळ्यावर ठळक आकड्यात १२० कोरुना. हातात आलं तेव्हा २९०. आइस्क्रीमचे वेगळे, स्ट्रॉबेरीचे वेगळे, आतून लावलेल्या चॉकलेटचे वेगळे. हे सगळं लिहिलेलं होतं, पण काउंटरच्या आतल्या बाजूला, माझ्या तळहाताएवढ्या कागदावर. वर कार्ड लावलं तेव्हा मशीनने विचारलं, रुपयांत की कोरुनात? मी चष्मा काढेपर्यंत पोऱ्याने स्वतःच रुपयांचं बटण दाबलं. बँकेच्या दराने झाले असते त्यापेक्षा शंभरएक रुपये जास्त गेले. एका नळकांड्याला बाराशेच्या वर!

आणि चव? विजेच्या शेगडीवर फिरवलेलं, बाहेरून साखरेने चरचरीत, आतून ओलसर पीठ. आइस्क्रीम भरलं की पाच मिनिटांत बूड मऊ पडतं आणि थेंब थेट बुटावर. टिश्यू मागितला तर बोटाने शेजारच्या दुकानाकडे दाखवलं. चार्ल्स पुलावर पोचेपर्यंत माझी बाही कोपरापर्यंत चिकट झाली होती. तिथून दिसणाऱ्या किल्ल्याचे फोटो माझ्याकडे नाहीत.

भाचा ब्र्नोला शिकतो. रात्री त्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, तू पण?" त्याच्यासोबत राहणारा चेक मुलगा मागून हसत होता. त्याच्या आजीने आयुष्यात ही वस्तू केली नाही आणि खाल्लीही नाही. प्रागमध्ये तिचं पीक आलं ते गेल्या वीसेक वर्षांत, पर्यटकांच्या जिवावर. मूळ शोधायचं तर आजच्या रोमेनियातल्या हंगेरियन भाषक ट्रान्सिल्व्हेनियात जावं लागतं. तिथून ती स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावी आली. निवृत्त होऊन तिथे राहायला आलेल्या योझेफ ग्वादान्यी या सेनानी-कवीच्या ट्रान्सिल्व्हेनियन आचाऱ्याने ती आणली, असं मानतात. 'स्कालित्स्की ट्रडेलनिक' या नावाला २००७ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला आहे, त्या धर्तीवर.

प्रागमध्ये खायचं काय, तर त्सुक्रारना असा बोर्ड शोधायचा. त्सुक्रारना म्हणजे मिठाईचं दुकान. जुन्या चौकापासून ट्रामने तीन-चार थांबे लांब जा, आजीबाई रांगेत दिसल्या की तेच ठिकाण. व्येत्रनिक घ्या: मुठीपेक्षा मोठा, वर कॅरॅमलचा चकचकीत थर, आत दोन प्रकारचं क्रीम. मला ट्रडेलनिकच्या पाव किमतीत मिळाला. राकविच्का नावाचा कुरकुरीत प्रकार आहे, नावाचा अर्थ छोटी शवपेटी, वर क्रीमचा ढीग. सांगून खाऊ घातलं तर घरचे खाणार नाहीत, सांगू नका.

सप्टेंबर हा तिथे ताज्या आलुच्यांचा महिना. फळांचे क्नेदलिकी म्हणजे आत अख्खं फळ घालून पाण्यात उकडलेले गोळे. वर वितळलेलं लोणी, पिठीसाखर आणि खसखस किंवा किसलेला कोरडा चक्का. हे जेवणानंतर नाही, जेवण म्हणूनच खातात. दुपारच्या यादीत मांसाच्या पदार्थांशेजारी लिहिलेलं असतं. पाच गोळे आले. मोदकावर तूप सोडणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. तिसऱ्या गोळ्यापर्यंत माझा राग ओसरला होता, पाचव्याला परत आला, कारण शेजारच्या टेबलावरचं जोडपं ट्रडेलनिकचे फोटो बघत होतं.

मग हट्टाने स्कालित्सा. प्रागहून बुडापेस्टकडे जाणारी गाडी ब्र्नोवरून कूटी या स्लोव्हाक स्थानकावर थांबते, तिथून लहान गाडी. भाचा ब्र्नोला चढला. चूक माझीच झाली. वेळापत्रक मी कामाच्या दिवसाचं पाहिलं होतं आणि गेलो रविवारी. कूटीला एक तास चाळीस मिनिटं बसलो, भुरभुर पावसात, बिस्किटाच्या एका पुड्यावर. रविवारी जाऊ नका. जायचंच असेल तर खायला बरोबर घ्या आणि परतीची गाडी आधी बघा.

पण तिथे पोचल्यावर! लाकडी दांड्यावर गुंडाळलेलं पीठ, त्याला अंड्याच्या पांढऱ्याचा हात, वर कुटलेले अक्रोड-बदाम, आणि निखाऱ्यावर सावकाश फिरवणं. शेवटी व्हॅनिला साखर. आत काहीही नाही, पोकळी आणि वाफ. तिथे आइस्क्रीम मागितलं असतं तर मला हाकललं असतं. वीतभर लांब तुकडा मी गल्लीतच उभ्याने संपवला, भाच्याने तीन खाल्ले. त्या दांड्याला त्रद्लो म्हणतात. चेक बोलीत बावळट माणसालाही त्रद्लोच म्हणतात, ही माहिती भाच्याने अगदी योग्य वेळी पुरवली. सेंट जॉर्जचं बाराव्या शतकातलं गोल देवालय गावातच आहे. चढण फार नाही, पण पोट भरल्यावर आहे.

फक्त खाण्यासाठी एवढा वळसा घ्यावा का? मी घेतला. तुम्हाला दोन गाड्या बदलायचा कंटाळा असेल तर सरळ बुडापेस्टला जा, तिथे याचाच थोरला भाऊ आहे, क्युर्तोशकलाच. क्युर्तो म्हणजे धुराडं. कोळशाच्या शेगडीवर केलेला बघून घ्या. वरची साखर जळून काचेसारखी होते, टोक धरून ओढलं की गुंडाळी उलगडत येते. विजेच्या शेगडीचे ठेले तिथेही आहेत, ते ओलांडून पुढे जा.

बुडापेस्टला राग फक्त एकदा आला. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या एका कॅफेत सोमलोई गालुश्का मागवला: तीन रंगांचे केकचे तुकडे, अक्रोड, मनुका, चॉकलेट आणि भरपूर रम. बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं होतं, तरी वेटर टीपसाठी उभा राहिला आणि मी बावळटासारखी दिली. 'सेरवीझदीय' हा शब्द बिलात दिसला की वर एक फोरिंटही देऊ नका. दोबोश टोर्टा मात्र चुकवू नका. योझेफ दोबोश यांनी १८८५ च्या बुडापेस्ट प्रदर्शनात तो मांडला होता. वरचा कडक कॅरॅमलचा थर सुरीला दाद देत नाही, हाताने मोडा. आणि सगळ्यात स्वस्त सुख किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये आहे: तूरो रूदी, चॉकलेटच्या कवचात गारेगार चक्का. १९६८ पासून हंगेरीची पोरं हेच खात मोठी झाली. मी दिवसाला दोन खाल्ले.

शाकाहारी असाल तर स्पष्ट सांगते, अंडं चालत नसेल तर या फेऱ्यात उपास घडेल. अंडं चालतं पण डुकराची चरबी नको, तर शब्द पाठ करा: चेकमध्ये साद्लो, जर्मनमध्ये श्माल्त्स, हंगेरियनमध्ये झीर. क्रीमच्या थरांत जिलेटिन असू शकतं, काउंटरवर विचारा. गालुश्कातली रम खरी असते, लहान मुलांना देऊ नका.

पैशांचं: प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, व्हिएन्ना आणि स्कालित्साला युरो. प्रागमध्ये युरोही घेतात, पण स्वतःच्या दराने. कार्ड मशीन स्वतःच्या हातात घ्या, रुपयांचा पर्याय आला की स्थानिक चलनाचं बटण स्वतः दाबा. एटीएमवरही तेच.

परतताना दुबईला थांबणार असाल, अगदी नुसतं विमान बदलायला, तरी खसखशीची मिठाई बॅगेत ठेवू नका, अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. मी बुडापेस्टच्या विमानतळावर खसखशीचा अख्खा रेतेश (हंगेरियन श्ट्रुडेल) बाकावर बसून संपवला. स्कालित्साहून डब्यात आणलेला ट्रडेलनिक ठाण्याला पोचला तेव्हा सहा दिवसांचा होता, चामड्यासारखा चिवट. तव्यावर तुपात परतला, तरी कोणी दुसरा तुकडा मागितला नाही.