बालमेळाव्याचा दुसरा तास

सुगी सरली, मळण्या उरकल्या, गवताच्या गंज्या रचून झाल्या की आमच्या गावात बालमेळाव्याची बोलणी सुरू होतात. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. त्याच्या जवळचा रविवार धरायचा ही आमच्या थोरल्या गुरुजींनी घालून दिलेली पद्धत मेळावा भरवणाऱ्या आमच्या मंडळानं अजून मोडलेली नाही. सुगीनंतरचा दिवस धरण्यामागं दुसरं कारणही होतं. शेताची सबब कुणाला राहू नये.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यापासून आत. भात, रताळी, थोडा बटाटा आणि मिरची. बरेचसे बाप्ये बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत नाहीतर शिनोळीकडच्या कारखान्यात जातात. बायकांतल्या काही काजूच्या कारखान्यात आणि काही दुसऱ्याच्या रानात रताळी काढायला. अशा गावाला संमेलनाची हौस कुठून आली, असं बाहेरचे पाहुणे विचारतात. पण हा सगळा पट्टाच तसा आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, कुठल्याही बाजूला गेलात तरी गावकऱ्यांनी वर्गणी काढून भरवलेलं साहित्य संमेलन सापडेल. बेळगावात अखिल भारतीय संमेलन १९२९, १९४६ आणि २००० साली भरलं. २००० चं आमच्या पिढीनं पाहिलं. शहरातलं ते वारं खेड्यात मुरलं. थोरल्या गुरुजींचं म्हणणं एवढंच होतं की या संमेलनांत मुलं दिंडीत कलश धरतात, स्वागतगीत म्हणतात आणि नंतर घरी जातात. त्यांना बोलायला कधी मिळणार? त्यातून आमचा बालमेळावा निघाला.

पहिला तास सगळीकडे असतो तसाच असतो. ग्रंथदिंडी, दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ. हे सगळं रीतीनं होतं, व्हायलाही हवं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. प्रास्ताविकातली एकच गोष्ट सांगते. गुरुजी दरवर्षी न चुकता सांगायचे की २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला, ११ डिसेंबर १९९२ ला आपल्या देशानं तो स्वीकारला, आणि त्याचं बारावं कलम म्हणतं की मुलाच्या बाबतीतला निर्णय घेताना मुलाला मत मांडता आलं पाहिजे, आणि त्याचं वय नि समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. 'वजन' म्हणताना ते टेबलावर बोट ठेवायचे. आता प्रास्ताविक मी करते आणि हे कलम गाळत नाही.

माझा जीव आहे तो दुसऱ्या तासावर. त्या तासाला मुलं खुर्च्यांवर बसतात आणि मोठी माणसं खाली जमखान्यावर. विषय तीनच: माझी शाळा, माझी तब्येत नि मन, माझं गाव. हातात कागद घ्यायचा नाही. बाजूला उभं राहून कुणी आठवण करून द्यायची नाही. नंबर काढायचे नाहीत, बक्षीस नाही. प्रतिभा कारंजी या शाळांच्या सरकारी स्पर्धेत नंबर असतात, तिथं आमची मुलं जातात आणि चांगलं नाव काढतात. इथं नंबर आला की मूल परीक्षकाकडं बघून बोलणार, हे गुरुजींना नको होतं.

तरी पहिली दोन-तीन मुलं पाठ करूनच येतात. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" इथून जी गाडी सुटते ती 'शिक्षणाचे महत्त्व' या मुक्कामाला जाऊन थांबते. मग मध्येच कुणाचा तरी धागा तुटतो. मूल गप्प होतं. मंडपात चुळबुळ होते, आया पदर सावरतात, बापाला कसनुसं होतं. आणि त्या गप्प राहण्यातून मूल जे पुढं बोलतं, ते त्याचं स्वतःचं असतं. मी या क्षणाची वर्षभर वाट बघते. दरवर्षी तो येतोच, आणि दरवर्षी माझे डोळे भरतात.

मुलांची नावं इथं मुद्दाम लिहीत नाही. ती आमच्यासमोर विश्वासानं बोलली आहेत.

चौथीतला एक मुलगा असाच अडकला. भाषण होतं मध्यान्ह भोजनावर, 'अक्षर दासोह' योजनेची माहिती. ती विसरला आणि म्हणाला, "सकाळी दूध देतात ते मला लई आवडतं. आई सातलाच काजूच्या कारखान्याला जाते. मी घरात काय खात नाही. दूध पिऊन मग मला फळ्यावरचं नीट दिसतंय." एवढं बोलून तो खाली उतरला. त्याची आई तिथंच बसली होती. तिला वाईट वाटेल म्हणून मी धास्तावले होते. ती उठून म्हणाली, "खरं सांगितलास बाळा." त्यानंतर गावातल्या महिला संघाच्या बायकांनी आपसात ठरवलं आणि लवकर कामाला जाणाऱ्या आयांच्या मुलांना सकाळी शेजारच्या घरात भाकरी मिळू लागली. ठराव नाही, वर्गणी नाही. ज्या घरात चूल पेटलेली असेल ते घर.

सहावीतल्या एकानं सांगितलं की सोमवारी शाळा भरायच्या आधी ते पटांगणातल्या दारूच्या बाटल्या वेचतात. "फुटलेली काच असली की गुरुजी वेचतात, आम्हाला हात लावू देत नाहीत." यावर मागं बसलेल्या काही तरुणांच्या माना खाली गेल्या. त्या माना मी पाहिल्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्यातल्याच तिघा-चौघांनी वर्गणी काढून फाटकाला कुलूप बसवलं आणि किल्ली कुणाकडं राहणार तेही ठरवलं.

हायस्कूलला जाणारी मुलं बसबद्दल बोलतात. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून बायकांना सरकारी बसला तिकीट लागत नाही. "माझी आई आता महिन्यातून दोनदा आजीकडं जाते, हे चांगलं झालं," असं एक मुलगी आधी म्हणाली, आणि मग म्हणाली, "पण सकाळची गाडी भरून येते आणि फाट्यावर थांबत नाही. आम्हाला पहिला तास चुकतो. गाडी बंद करू नका, अजून एक सोडा." तक्रार करताना आईचा फायदा आधी सांगायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांच्या सभांत एवढा तोल मी क्वचित ऐकला आहे.

मनाच्या विषयावर आधी कुणी उठत नसे. तब्येत म्हटलं की हात धुणे, नखं कापणे, झालं. आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीनं, एक वर्ष मुलांना आठवडाभर आधी भेटून सांगितलं की रडू येणं, झोप न लागणं, भीती वाटणं, हेसुद्धा तब्येतीतलंच आहे. त्या वर्षी दहावीतला एक मुलगा बोलला, "मार्क कमी पडले की घरात दोन दिवस कोण बोलत नाहीत. मारलं तर चालेल, पण बोला." मंडप एकदम शांत झाला. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या बोर्डाचा, निकाल लागला की कुठल्या घरात काय चालतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते कुणी माईकवर म्हटलं नव्हतं.

आणि सातवीतली ती मुलगी. तिचं भाषण माझी शाळा या विषयावर होतं. शाळेची इमारत, खोल्या, झाडं, सगळं सांगून झालं. मग ती थांबली. म्हणाली, "माझ्या भावाला न्यायला पिवळी व्हॅन येते. तो इंग्लिश मीडियमला हाय. मी आमच्या शाळेला चालत जाते. मला आमची शाळा आवडते, बाई चांगल्या शिकवतात, मी पण हुशारच हाय की. पण भावाला तिकडं घालताना नि मला इकडं घालताना मला कोण विचारलंच नाहीत."

तिनं तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. खाली बसली आणि पाणी प्याली. मराठी शाळा टिकली पाहिजे म्हणून मी जन्मभर बोलत आले. पट कमी होतो म्हणून घरोघर फिरले. पण मराठी शाळेत मुलगी आणि व्हॅनमध्ये मुलगा, ही वाटणी गावात किती घरांत आहे हे त्या पोरीनं एका वाक्यात मांडलं. शाळा टिकवायची तर ती मुलग्यासाठीही चांगली वाटली पाहिजे, हे मी तेव्हापासून प्रत्येक पालक सभेत बोलते.

कर्नाटकात ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा भरवायची असते, बालदिनाच्या सुमारास. आमच्या मेळाव्यात निघालेल्या मागण्या लिहून आम्ही पंचायतीकडं देतो आणि पीडीओ साहेबांना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, बोलावतो. एका वर्षी आलेले साहेब विजापूरकडचे, त्यांना मराठी समजत नव्हतं. पाचवीतला मुलगा मराठीत बोलला, गटारीच्या वळणावर दिवा नाही, आजोबा तिथं पडले. शाळेतल्या कन्नडच्या बाई सांगायला उठल्या, पण त्याआधीच वर्गातली एक मुलगी उभी राहिली आणि तिनं सगळं कन्नडमध्ये सांगितलं, आजोबांचा कुठला पाय दुखावला तेसुद्धा. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, तिला अजून दोन प्रश्न विचारले, आणि शेवटपर्यंत बसले. उन्हाळ्याच्या आत दिवा लागला. ते बदलून गेले, पण त्यांची आठवण आम्ही काढतो.

शेवटपर्यंत बसले, हे मी मुद्दाम लिहिलं. कारण सगळे बसत नाहीत. पहिल्या तासाला पुढची रांग भरलेली असते. शाल मिळाली, फोटो झाला की "पुढचा कार्यक्रम आहे" म्हणून मोठी मंडळी उठतात आणि त्यांच्यासोबत निम्मा गाव त्यांना गाडीपर्यंत पोचवायला जातो. नेमकं त्याच वेळी पहिलं मूल माईकपाशी आलेलं असतं. एका वर्षी तिसरीतली एक पोर बोलायला उभी राहिली आणि समोर सगळे पाठमोरे. ती बोललीच नाही. हे मला अजून बोचतं आणि ते बोचणं मी लपवणार नाही. गावातल्या बापांबद्दलही माझं म्हणणं आहे. रविवारी सुट्टी असते, सुगी सरलेली असते, तरी कुणाची वास्तुशांत निघते, कुणाचे क्रिकेटचे सामने. आया रानातून हात धुऊन येतात. बापांनीही यावं. पोरगं त्यांच्यासाठीच बोलत असतं.

थोरले गुरुजी आता नाहीत. ते असताना दुसऱ्या तासाला स्टेजवर कधीच नसत. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून खाली बसत, म्हणजे घाबरलेल्या मुलाला समोर बघितलं की ते दिसत. मान हलवत नसत, हसत नसत, फक्त ऐकत. मूल बोलून उतरलं की ते वाक्य डायरीत लिहीत. त्या डायऱ्या त्यांच्या घरच्यांनी मंडळाच्या कपाटात आणून दिल्या. त्या वाचताना कळतं की गावातला हापसा, मुलींचं स्वच्छतागृह, वाचनालयाचं पहिलं कपाट, सगळं आधी कुठल्या ना कुठल्या मुलाच्या तोंडून आलं होतं.

आता ज्यांच्या जिवावर हे चालतं त्यांच्याबद्दल. माईकवाले मामा भाडं घेत नाहीत, आणि मुलांच्या उंचीला माईक खाली-वर करायला स्वतः स्टेजच्या कडेला बसून राहतात. खुर्च्या देवस्थान कमिटीच्या, जमखाने भजनी मंडळाचे. ते आणणारे टेम्पोवाले दादा दोन खेपा करतात. उप्पीट नि शिरा संघाच्या बायकांचा, आणि त्यांना रवा भाजायला मदत करणाऱ्या शाळेतल्या स्वयंपाकाच्या दोघी मावश्या, ज्यांना वर्षभर मुलांसाठी रांधूनही या दिवशी सुट्टी नको असते. दूध डेअरीच्या अण्णांकडून. चिरमुरे नि फरसाण मारुती गल्लीच्या पोरांकडून. प्रशस्तिपत्रं सगळ्या मुलांना सारखीच, ती शहापुरातल्या छापखान्यातून येतात आणि छापखान्याचे काका कागदाचेच पैसे घेतात. अंगणवाडीच्या ताई बारकी पोरं सांभाळतात म्हणून आयांना ऐकता येतं. कन्नडच्या बाई धारवाडच्या, सुट्टीत गावी न जाता थांबतात. आशाताईंचं वर आलंच आहे. शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष आदल्या रात्री पटांगण स्वतः झाडतात. फलक लिहिणारा पेंटर, पाण्याचे कॅन देणारे दुकानदार, वळणावर सायकली लावून घेणारे माजी विद्यार्थी, रांगोळी घालणाऱ्या महालक्ष्मी गल्लीतल्या मुली, आणि मंडप सोडताना राहिलेल्या चपला नि डबे गोळा करून घरोघर पोचवणाऱ्या आजी. यादी दोनदा तपासली आहे. आणि हो, वीज गेली तर जनरेटर देणारे वरच्या आळीचे भाऊ. वीज गेली नाही त्या वर्षीही ते जनरेटर आणून उभे असतात.

यंदाची पहिली बैठक मारुतीच्या देवळात झाली. शाल-श्रीफळ दुसऱ्या तासानंतर ठेवायचं ठरलं आहे. काहींनी कुरकुर केली, पाहुणे रुसतील म्हणाले. मी चिटणीस म्हणून ते टिपणात लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. निमंत्रणं छापायला गेली आहेत. त्यावर मुलांच्या बोलण्याची वेळ वर, ठळक अक्षरात, आणि सत्काराची त्याखाली.