तीर्थप्रसाद आणि टर्पेंटाइन

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी 26 जानेवारीला असते. ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांची त्याच दिवशी असते म्हणा, गुरुजी दोन महिने आधी सांगून ठेवावे लागतात. सकाळी झेंडावंदन, मग लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची, दुपारी पूजा, रात्री पोरांचे डान्स. आणि गेली दहा-बारा वर्षं या सगळ्याच्या जोडीला जिन्याच्या भिंतीवर आमची ऑइल पेंटिंग्ज.

खरंतर हे सुरू झालं गणपतीत आणि तिथेच ते जवळजवळ संपलं होतं. तळमजल्यावर एक रिटायर्ड ड्रॉइंग टीचर राहतात, सगळे त्यांना सरच म्हणतात, त्यांनी मिटिंगमधे सुचवलं की यंदा रांगोळी स्पर्धेऐवजी मोठ्यांसाठी ऑइल पेंटिंगचं शिबिर घेऊ. मी लगेच नाव दिलं कारण मला शाळेत इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बी ग्रेड होती आणि तेवढ्या भांडवलावर मी वीस वर्षं स्वतःला चित्रकार समजत होतो. पहिल्याच दिवशी ब्रश पाण्यात बुडवला. सर काही बोलले नाहीत, नुसता पाण्याचा मग उचलून खिडकीतल्या तुळशीला घातला.

मंडपामागच्या खोलीत बसून आम्ही सात-आठ जणांनी दोन दिवसांत चित्रं उरकली आणि तिसऱ्या दिवशी मंडपात मांडली. बाहेर धो धो पाऊस. आता ऑइल कलर काही पाण्याच्या रंगासारखा पाणी उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत हळूहळू घट्ट होतं, त्याला एरवीही कित्येक दिवस लागतात आणि दमट हवेत त्याहून जास्त. हे सरांना माहीत होतं, त्यांनी कमिटीला सांगितलंही होतं, पण कमिटीला प्रदर्शन आरतीच्या आधी हवं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आरतीचं ताट घेऊन माझ्या तलावपाळीच्या चित्राला घासून गेल्या आणि मासुंदा तलावाचा हिरवा काठ त्यांच्या मोतिया रंगाच्या साडीच्या पदरावर आला. मी ऑइल कलर पातळ करायचं टर्पेंटाइन आणून पुसायला गेलो तर डाग दुप्पट झाला. पुढचे दोन महिने त्या लिफ्टमधे असल्या की मी जिन्याने जायचो.

मग ठरलं की हे जानेवारीत करायचं. हवा कोरडी, गच्ची मोकळी, आणि 26 तारखेआधीचे तीन-चार रविवार हातात. त्या रविवारांमधे मी जे काही शिकलो ते शिकलो, बाकी सगळं व्हिडिओ बघून केलेलं वाया गेलं.

सरांनी आमच्या बारा ट्यूबांच्या डब्यांतून पाचच ट्यूबा बाहेर काढायला लावल्या. टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना. काळा रंग घरी ठेवा म्हणाले. मला वाटलं अंधार कसा दाखवणार, तर त्यांनी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र घोटून असा काही गडद रंग काढला की आमच्या काळ्या ट्यूबपेक्षा जिवंत, आणि पांढरं टाकलं की तोच जानेवारीच्या सकाळी तलावावर असतो तसला करडा. त्या एका मिश्रणावर मी दोन जानेवारी काढले.

मुख्य नियम मात्र त्यांनी पूजेच्या जेवणाच्या पंगतीत सांगितला. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त आणि तेल कमी, वर जाल तसं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा अजून हलत असतो, आणि मग वरचा तडकतो. हे मला गच्चीवर तीनदा सांगूनही कळलं नव्हतं. त्यांनी माझ्या पानाकडे बोट केलं, म्हणाले, वरणभातावर तूप घेतोस ना, मग तुपावर वरणभात वाढतोस का? संपलं, परत कधी चुकलो नाही.

ब्रशचा एक किस्सा आहे. आमचे चपटे ब्रश हॉग हेअरचे होते, जाड रंग ओढायला तेच बरे पडतात. पूजेच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या सोवळ्यातल्या काकांनी विचारलं, कशाचे केस हो हे? सर शांतपणे म्हणाले, हॉग हेअर. काका मान डोलावून पुढे गेले. डुक्कर हा शब्द त्या दिवशी कोणीही उच्चारला नाही.

वासावरून कुरबुरी व्हायच्याच, म्हणून गच्चीबाहेर टर्पेंटाइनची बाटली उघडायला बंदी. आणि चिंध्यांच्या बाबतीत सर फार कडक. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की तेल वाळताना जी उष्णता निघते ती आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मला ही थाप वाटायची पण ती नाही. आमच्या चिंध्या कपड्यांच्या दोरीवर एकेक सुटी पसरून वाळायच्या, वॉचमन विचारायचा हे कसले झेंडे. हाताला मात्र आधी खोबरेल तेल चोळायचं आणि मग साबण, टर्पेंटाइनने हात धुणाऱ्याला सर ओरडायचे.

मला सगळ्यात आवडतो तो 26 च्या सकाळचा तासभर. जाड लावलेल्या चित्राला व्हार्निश करायच्या आधी सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं, त्यामुळे आपसूकच अशी पद्धत पडली की यंदाची चित्रं भिंतीवर लावायची आणि गेल्या वर्षीची माळ्यावरून काढून, धूळ पुसून, गच्चीत उन्हाला बसून त्यांना व्हार्निश करायचं. खालून लाउडस्पीकरवर देशभक्तीपर गाणी, शिऱ्याचा वास, आणि इकडे वर्षभरात मळकट मॅट झालेलं तलावाचं पाणी व्हार्निशचा हात फिरला की ओलं दिसायला लागतं. माझी आतापर्यंत आठ चित्रं झाली, आठही तलावपाळीचीच. कोपिनेश्वराचा कळस मला अजून सरळ जमत नाही, गडकरी रंगायतन तर मी झाडामागे लपवूनच टाकतो.

काकू ती साडी अजून नेसतात, आणि नेमकी 26 जानेवारीलाच. पदरावरचा हिरवा डाग फिका झालाय पण आहे. या वेळी तीर्थप्रसादाचं ताट घेऊन वर आल्या आणि माझ्या गेल्या वर्षीच्या, कडकडीत वाळलेल्या, नुकतंच व्हार्निश केलेल्या चित्रापासून चांगल्या तीन हात लांब थांबल्या.

"वाळलंय ना रे नक्की?"

"रंग वाळलाय काकू. व्हार्निश ओलं आहे."

त्यांनी ताट तिथेच कट्ट्यावर ठेवलं आणि पदर खोचून घेतला.